ओळीच्या टोकाची माणसं

आई मला लहानपणी केरसुणी म्हणायची. पलंगावरची चादर एका बाजूला चार बोटं जास्त लोंबताना दिसली की मला घास गिळवत नसे. अंगण झाडून झाल्यावर फणसाचं एक पान पडलं, तर मी झाडाकडे अशी बघायची की जणू त्याने मुद्दाम टाकलंय. ‘ही देवालासुद्धा सांगेल, आधी पाय पुसून ये,’ असं आई शेजारणीला हसत सांगायची. पुढे मी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या कामात गेले, तेव्हा तिला वाटलं, चला, तिथे तरी धूळ नसेल.

धूळ तिथेही असते. ओळ लिहून संपली तरी माणसाचं बोट स्पेसबारवर रेंगाळतं आणि ओळीच्या टोकाला एकदोन मोकळ्या जागा राहून जातात. त्या पडद्यावर दिसत नाहीत, कागदावर छापल्या तरी दिसत नाहीत, आणि प्रोग्रॅमही बहुतेक वेळा त्यांच्यापायी अडत नाही. पण आम्ही सगळे गिट नावाचं एक साधन वापरतो, त्याला त्या दिसतात. कोणी काय बदललं, कधी बदललं, याची गिट अक्षर न् अक्षर नोंद ठेवतं, आणि नव्या ओळीच्या टोकाला अशी फुकटची जागा असली तर तिथे लाल पट्टी दाखवतं. ती पट्टी दिसली की माझं डोकं फिरायचं. पुण्याच्या ऑफिसात नव्या पोरांना माझ्याबद्दल सांगितलं जायचं की त्या बाई तुमचं काम नंतर बघतील, आधी ओळींची शेपटं कापतील. एकोणीस वर्षं मी लोकांच्या ओळींची शेपटं कापली. आता त्याच कंपनीचं काम रत्नागिरीत घरी बसून करते आणि कापाकापी तशीच चालू आहे. म्हणजे चालू होती, मागच्या नोव्हेंबरातल्या एका दुपारपर्यंत.

मिरकरवाड्याला जेटीवर बोटवाल्यांच्या सोसायटीचं ऑफिस आहे. रत्नागिरीत परत आल्यावर तिथल्या लोकांसाठी मी हौसेने एक लहानसा प्रोग्रॅम करून दिला होता. ऑफिसच्या भिंतीवर एक टीव्ही लावला, त्यावर भरती-ओहोटीच्या वेळा, वारा, आणि कुठली बोट बाहेर आहे, कुठली आत आली, एवढंच दिसायचं. मागे साधी मजकुराची फाईल, एका बोटीला एक ओळ: बोटीचा नंबर, किती माणसं घेऊन गेली, आणि शेवटी ‘गेली’ किंवा ‘आली’. बोट धक्क्याला लागली की ‘गेली’चं ‘आली’ करायचं, फाईल सेव्ह करायची, टीव्हीवर तिचा नंबर हिरवा होतो. प्रत्येक वेळी सेव्ह केलं की तो बदल आपोआप गिटमध्ये नोंदला जायचा आणि घरी माझ्यापर्यंतही पोचायचा. बोट आली म्हणजे माणसं आली, असं मी धरून चालले होते. मला ते इतकं उघड वाटलं होतं की त्यावर मी क्षणभरही विचार केला नव्हता.

ती फाईल भरायचे तांडेलकाका. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य, सुकाणू त्याच्या हातात आणि शब्दही त्याचाच. काकांनी चाळीस वर्षं बोट चालवली होती. गुडघे गेले तेव्हा समुद्र सुटला, पण जेटी काही सुटली नाही. सोसायटीने त्यांना खिडकीजवळची खुर्ची दिली. त्या खिडकीतून अख्खा धक्का दिसतो. ते एका बोटाने टाइप करायचे, आणि ते बोट कळीवर ठेवण्याआधी हवेत थोडं थांबवायचे, जसं काही खाली पाणी किती आहे त्याचा अंदाज घेताहेत.

दुसऱ्याच आठवड्यात टीव्ही काळा पडला. ऑफिसात दहाबारा माणसं उभी, वारा किती आहे ते बघायला आलेली. मी रिक्षा करून धावत गेले. बघते तर काकांनी एका ओळीत ‘आली’च्या पुढे आणखी काहीतरी लिहून ठेवलं होतं. काय लिहिलं होतं ते मी वाचलंही नाही. खोडलं, टीव्ही सुरू झाला, आणि मग सगळ्यांच्या देखत मी त्यांना सुनावलं, ‘काका, ओळीत ठरलंय तेवढंच लिहायचं. एक टिंबसुद्धा जास्तीचं नको.’ चाळीस वर्षं ज्यांचा शब्द बोटीवर कोणी खाली पडू दिला नव्हता, त्यांना मी असं बोलले. काका ‘बरं’ म्हणाले. माझ्यापुरतं प्रकरण मिटलं.

त्यानंतर त्यांच्या ओळी अगदी बिनचूक येऊ लागल्या. फक्त ‘आली’च्या पुढे, ओळीच्या टोकाला, स्पेस. कधी पाच, कधी सात, कधी नऊ. गिट ती लाल पट्टी दाखवायचं आणि सकाळच्या चहाबरोबर माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. म्हातारपणी हात जड झाला असेल, बोट स्पेसबारवर पडलं की उठत नसेल, असं मी समजले. पुन्हा सांगायला जावं तर आधीच एकदा तोंड सोडलेलं, त्याची मनात खंत होती. म्हणून मी वेगळीच युक्ती केली. बदल दाखवताना मोकळ्या जागांकडे दुर्लक्ष कर, असं गिटला सांगता येतं, एका अक्षराची खूण आहे त्यासाठी. ती मी कायमची लावून टाकली. पट्ट्या गायब झाल्या. त्या मला न दिसता वर्षभर तशाच येत राहिल्या.

मधल्या जानेवारीत मी एकदा बोटीवरही गेले होते, ते आत्ताच सांगून टाकते. वाऱ्याचा इशारा लोकांच्या मोबाईलवर किती आत समुद्रात पोचतो ते मला बघायचं होतं. एका बोटीचं इंजिन दुरुस्त झालं होतं, ती दोन तासांची फेरी मारून परत येणार होती. बाई बोटीवर नको, अशी कुरकुर झालीच. काका म्हणाले, ‘जाऊ दे तिला, मासे थोडीच धरायचेत आज.’ बंदराच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत मी मोठ्या ऐटीत उभी होते. पुढचा दीड तास मी कठड्याला धरून होते आणि पोटात काही शिल्लक राहिलं नव्हतं. मोबाईलकडे बघायचं भानच नाही, त्यामुळे चाचणीही वाया गेली. परत आल्यावर मी शिडीवरून धक्क्यावर उतरले. काका खिडकीतून बघत होते. मला वाटलं, हसताहेत. ऑफिसात आले तर त्यांनी लिंबाचं सरबत पुढे केलं.

तर नोव्हेंबर. कंपनीचं एक मोठं काम हातावेगळं झालं होतं, मला मोकळा वेळ होता, आणि मोकळ्या वेळात मी काय करणार? सफाई. सकाळी साडेदहाला सोसायटीचा प्रोग्रॅम उघडला, सगळ्या फाईलींमधल्या सगळ्या ओळींच्या टोकाच्या मोकळ्या जागा एका फटक्यात पुसल्या, आणि ‘स्वच्छता केली’ असा शेरा लिहून तो बदल गिटमध्ये नोंदवला. काय बदललं ते नजरेखालून घालायला गेले तर पडद्यावर काहीच नाही. मोकळ्या जागांकडे बघूच नको असं मीच सांगून ठेवलेलं, आणि बदल तर नुसत्या मोकळ्या जागांचाच. मला मजा वाटली. घर झाडल्यावर वाटतं तसं छान हलकंही वाटलं. दहा मिनिटांत ती स्वच्छ फाईल काकांच्या कॉम्प्युटरवर पोचली असणार. आता फक्त एक राहिलं होतं. तिथे जाऊन असा बंदोबस्त करायचा की यापुढे काकांनी फाईल सेव्ह केली की नोंद होण्याआधीच शेपूट कापलं जाईल. त्यासाठी मी साडेबारा वाजता जेटीवर गेले.

ऊन कडक होतं. लिलाव उरकला होता, धक्क्यावर पाणी मारलेलं, बर्फाचे तुकडे कोपऱ्यात वितळत पडलेले. काका डबा उघडण्याच्या तयारीत होते. मी म्हटलं, दोन मिनिटं मला कॉम्प्युटर द्या. तेवढ्यात दारात एक बाई आल्या. मच्छीमार्केटात बसतात, मी त्यांच्याकडून कितीदा बांगडे घेतलेत. डोक्यावरची चुंबळ अजून हातातच होती. त्यांचा नवरा एका निळ्या बोटीवर खलाशी. बोट चार दिवसांनी आज आली, असं त्यांना बाजारात कळलं होतं. माल संपवून त्या घरी गेल्या तर दाराला कुलूप तसंच. बोट येऊन तीन तास झालेले आणि नवऱ्याचा पत्ता नाही, फोन बंद.

मी टीव्हीकडे बोट दाखवलं. निळ्या बोटीचा नंबर हिरवा होता. आली आहे की, मी म्हटलं, येतील इतक्यात, कुठेतरी चहाला थांबले असतील. माझ्या आवाजात खात्री होती, कारण टीव्ही माझाच होता.

काकांनी डबा बाजूला सारला. आधी त्या बोटीच्या तांडेलाला फोन लावला. तो बोट बांधून देवरूखकडे आपल्या गावी निघाला होता, फोन लागेना. मालकाला लावला. मालक इंजिनाच्या कसल्या सामानासाठी कोल्हापूरला गेलेला, म्हणाला, सगळे आले असतील की. ‘असतील की’ हे शब्द काकांनी एकदा स्वतःशीच पुन्हा म्हटले. खिडकीतून बघितलं तर निळी बोट बांधलेली, वर चिटपाखरू नाही. खलाशी चार दिशांना पांगले होते.

मग ते कॉम्प्युटरकडे वळले. ओळ शोधली, ओळीच्या शेवटी गेले, आणि मागे यायची बाणाची कळ दाबली. पुढे काय झालं ते मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते आणि मला काही कळत नव्हतं. कर्सर ‘आली’च्या शेवटच्या अक्षरावर आदळला. त्यांनी पुन्हा टोकाला जाऊन पुन्हा दाबलं. मग वरच्या ओळीत गेले, तिथेही तेच. मग आणखी वरच्या. त्यांचं ते सावकाश बोट भराभर कळा दाबायला लागलं. मान वळवून माझ्याकडे बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

‘बाय, इथली माणसं कुठं गेली?’

मी विचारलं, कुठली माणसं? तेव्हा त्यांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, कीबोर्डकडे बघत, चोरी पकडल्यासारखं. बोट धक्क्याला लागली की ते खिडकीत उभे राहतात. शिडीवरून एक माणूस खाली उतरला की एकदा स्पेसबार. दुसरा उतरला की पुन्हा एकदा. जेवढी माणसं तेवढ्या स्पेस. मागाहून कधी शंका आली तर ओळीच्या टोकाला जाऊन बाणाच्या कळीने मोजायच्या.

‘तू सांगितलंस, टिंबसुद्धा नको. मग दिसणार नाय असं काय तरी घालायचं होतं. नुसती बोट आली म्हणून काय उपयोग? बोट काय, रिकामी पण येते.’

मी तिथेच स्टुलावर बसले. सकाळी साडेदहाला घरच्या टेबलाशी बसून, चहा पीत, मी समुद्रावरून आलेली सगळी माणसं पुसून टाकली होती, आणि वर ‘स्वच्छता केली’ असं लिहिलं होतं. ते मी काकांना सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, परत येतील का ती? दारातल्या बाईंना आमच्या बोलण्यातलं काही कळत नव्हतं, पण कोणीतरी हरवलंय एवढं कळलं होतं. त्यांनी चुंबळ घट्ट धरली होती.

आता गिटबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, जी मी एकोणीस वर्षं लोकांना शिकवत होते आणि त्या दुपारपर्यंत मला स्वतःला कधी जाणवली नव्हती. गिट काही फेकत नाही. आपण पुसलं म्हणतो, ते म्हणतं बरं, आणि पुसण्याआधीचं सगळं जसंच्या तसं आत ठेवून देतं. त्यात काय महत्त्वाचं आणि काय कचरा, हे ते आपल्याला विचारत नाही. मी कचरा म्हटलं म्हणून त्याने एक स्पेससुद्धा कमी ठेवलेली नव्हती. त्याला मी डोळे मिटायला सांगितले होते, ते फक्त मला दाखवताना. स्वतः ते वर्षभर उघड्या डोळ्यांनी बघत होतं.

काकांची सकाळची शेवटची नोंद माझ्या स्वच्छतेच्या आधीची होती, निळी बोट लागल्यानंतरची. ती मी बाहेर काढली. फाईल उघडली, तर नेहमीसारखीच दिसली. मग एडिटरमध्ये एक सोय असते, रिकाम्या जागी बारीक टिंब दाखवायची, ती चालू केली.

पडद्यावर टिंबं उमटली. जितक्या बोटी आल्या होत्या तितक्या ओळींच्या टोकाला, ‘आली’च्या पुढे, ओळीने फिकट टिंबं. काही रांगा आखूड, काही लांब. मी इतकी वर्षं या पडद्यासमोर बसले आहे, पण असा अंगावर काटा कधी आला नव्हता. काही नव्हतं तिथे माणसं उभी होती.

निळ्या बोटीच्या ओळीवर काकांनी काचेला बोट लावून मोजलं. मग पुन्हा मोजलं. बोट सात माणसं घेऊन गेली होती. टिंबं सहा.

बाईंनी काकांच्या तोंडाकडे बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. मला त्या मिनिटाची नुसती पंख्याची घरघर तेवढी आठवते. आपण एवढ्या खटपटीने शोधून काढलं ते हेच का, असं वाटलं. नसतं सापडलं तर निदान ‘आले असतील की’ म्हणता आलं असतं.

काकांची नजर मात्र पडद्यावरून हलली नव्हती. ते म्हणाले, ‘थांब. सगळ्या बोटी बघ. कुठं जास्तीचा आहे का?’

हे मला सुचलं नसतं. समुद्रात बोटी एकमेकींना लागतात, डिझेल देतात, निरोप देतात, आणि वेळ पडली तर माणूसही देतात. मी वरपासून ओळी वाचत गेले, नेलेला आकडा मी म्हणायचा, टिंबं काकांनी मोजायची. आठ, आठ. सहा, सहा. सात, सात. पाच, पाच. चौदाव्या ओळीवर, एका पिवळ्या बोटीच्या, मी म्हटलं, सहा. काकांनी बोट पुन्हा सुरुवातीला नेलं.

‘सात,’ ते म्हणाले. आणि डोळे मिटून खुर्चीत मागे टेकले. मग बोलले ते मिटल्या डोळ्यांनीच. पिवळी बोट साडेसातला लागली. एक जण हाताला फडकं गुंडाळून, हात छातीशी उंच धरून उतरला होता. लांबून तोंड दिसलं नाही, तो त्यांना पिवळ्या बोटीचाच खलाशी वाटला. पण उतरला तेव्हा बोटाने आपलं काम केलं होतं.

पिवळ्या बोटीच्या तांडेलाने तिसऱ्या वेळी फोन उचलला. पहाटे निळ्या बोटीवर जाळं साफ करताना बाईंच्या नवऱ्याच्या हातात शिंगाळा माशाचा विषारी काटा घुसला होता. हात कोपरापर्यंत सुजला. पिवळी बोट आधी परतणार होती म्हणून त्याला तिच्यावर घेतलं, धक्क्याला लागल्याबरोबर रिक्षात घालून सिव्हिलला पाठवलं. त्याचा मोबाईल बोट बदलताना पाण्यात पडला. निळ्या बोटीवाल्यांना वाटलं पिवळीवाले घरी कळवतील, पिवळीवाल्यांना वाटलं निळीवाले कळवतील. दोन्ही बोटींनी आपापलं काम चोख केलं होतं आणि निरोप मधल्यामध्ये राहिला होता.

बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. फोनवरचं सगळं काकांनी त्यांना सांगितलं, पण त्यांच्या डोक्यात शिंगाळा, सिव्हिल यातलं काही शिरत नसावं. त्यांनी एकच विचारलं, खाली उतरले ना, जमिनीवर आहेत ना?

‘उतरला,’ काका म्हणाले. ‘मी मोजलाय त्याला.’

त्या तशाच निघाल्या, चुंबळ आमच्या टेबलावर राहिली. तासाभराने त्यांचा सिव्हिलमधून काकांना फोन आला. नवरा खाटेवर बसून डाव्या हाताने चहा पीत होता आणि उशीर का केला म्हणून त्यांच्यावरच डाफरत होता. काकांनी ते मला सांगितलं आणि डबा उघडला. भात गार झाला होता, तो त्यांनी चवीने खाल्ला. मी ज्या कामासाठी आले होते ते काम न करता घरी गेले.

घरी आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गिटला लावलेली झापड काढली. आणि मग मागे जायला लागले. चौदा महिने, रोजच्या नोंदी, एका मागून एक. दोन संध्याकाळी मला दुसरं काही सुचलं नाही. आई विचारत होती, एवढं काय बघतेस त्या कोऱ्या पडद्यात? मी तिला बोलावून दाखवलं. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, हे तू झाडून टाकलंस? मी हो म्हटलं. त्या दिवसापासून तिने मला केरसुणी म्हटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते चुकल्यासारखं वाटतं.

सात गेले, सात आले. नऊ गेले, नऊ आले. शेकडो ओळी, आणि एकाही ओळीत काकांनी अंदाजपंचे दाहोदरसे केलेलं नाही. जिथे आकडा कमी तिथे दुसऱ्या कुठल्या तरी ओळीत तो जास्तीचा, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, आणि आकडे जुळावेत म्हणून पहिल्या ओळीला त्यांनी कधी हात लावलेला नाही. हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. कोणी बघणार नव्हतं, आणि जिने बघायचं तिने तर डोळ्यांवर हात ठेवले होते. मी देवळात जाते तीही सवयीने, हात जोडते तेही सवयीने. त्या दोन संध्याकाळी मात्र मला पडद्यासमोर चपला काढून बसावंसं वाटत होतं.

अगदी तळाशी, दुसऱ्या आठवड्यातली ती नोंदही सापडली, ज्या दिवशी टीव्ही काळा पडला होता. ‘आली’च्या पुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘६ उतरले’. तेव्हा वाचायला मला एक क्षण लागला असता.

आठवड्याभरात मी प्रोग्रॅममध्ये नवा रकाना केला, ‘उतरले’. टीव्हीवरही तो दिसतो, आणि नेलेल्या आकड्याशी जुळला नाही तर ती ओळ लाल होते. काकांना दाखवायला गेले आणि सगळ्यांच्या देखत सुनावलं होतं तसं सगळ्यांच्या देखत सांगितलं की चूक माझी होती. ते ‘बरं’ म्हणाले. पहिल्यांदा म्हणाले होते तसंच. मग मीच विचारलं, ही मोजायची सवय कुठली? त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं. नव्याने तांडेल झाले तेव्हा एकदा बोट बांधून, मासळी उतरवून, घरी जायला निघाले आणि तेव्हा लक्षात आलं की एक माणूस नाही. कधी पडला कोणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या बोटीला तो जाळ्याच्या बोयाला धरून तरंगताना मिळाला, जिवंत. त्याला परत आणलं तेव्हा त्याने यांच्याकडे नुसतं बघितलं. तेव्हापासून.

आता आकड्यासाठी रकाना आहे, तो ते नेमाने भरतात. पण काल-परवाच्या नोंदी बघितल्या तर ओळीच्या टोकाला स्पेस आहेतच. मी फोन करून विचारलं, काका, आता याची काय गरज?

‘आकडा एकदम लिहिता येतो गो,’ ते म्हणाले. ‘माणूस एकेकच उतरतो.’

मी शेपटं कापायचा बंदोबस्त तिथे केला नाही. कधी करणारही नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या दुसऱ्या संध्याकाळी मागे मागे जाताना जानेवारी आला. मला ती तारीख आठवत नव्हती, पण बोटीचा नंबर आठवत होता. इंजिन दुरुस्त झालेली बोट, दोन तासांची फेरी. माणसं किती नेली? तीन. माझं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. बाई बोटीवर गेली अशी नोंद कोण करणार? पुढे ‘आली’, आणि त्याच्यापुढे लाल पट्टी. टिंबं दाखवायची सोय चालू होतीच, तरी मी कर्सर ‘आली’च्या शेवटी नेला आणि काका करतात तसं सावकाश बाणाच्या कळीने एकेक जागा पुढे गेले. एक. दोन. तीन.

मग आणखी एक होती.